ख्रिस्ताला माउली म्हणणारे टिळक

आषाढी होते, कार्तिकी होते, माघी-चैत्री येतात नि जातात. घरात पाळणा हलतो, लेक सासरी जाते, म्हातारे माणूस डोळे मिटते. पण वारकऱ्याच्या घरचा हरिपाठ काही थांबत नाही. अवस्था बदलते, नाम तेच राहते. हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्याचा विचारही आपण करीत नाही. पण ज्याने मध्येच नामच बदलले, त्याच्या प्रार्थनेचे काय होते? हा प्रश्न मनात आला की आम्हांला रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवतात. लोकमान्य नव्हेत, हे 'फुलामुलांचे कवी'.

टिळकांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. वडील तापट, आई जानकीबाई मायाळू. मुलाचा सगळा जीव आईत. तो अकरा-बारा वर्षांचा असताना आई गेली आणि पोर घर सोडून निघाले ते नाशिकास पोचले. तिथे गणेशशास्त्री लेल्यांपाशी संस्कृत शिकले. आई गेल्यावरची ती पोकळी पुढे जन्मभर त्यांच्या काव्यात दिसते, असे आम्हांला वाटते. देवाला त्यांनी हाक मारली ती लेकराच्या तोंडची.

पुढे लग्न झाले. लक्ष्मीबाई तेव्हा अकरा वर्षांच्या. टिळकांचे पाय कुठे ठरत नसत. आज इथे नोकरी, उद्या तिथे. कधी कीर्तन, कधी व्याख्यान. नागपुरास अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने वैदिक ग्रंथांचे काम केले, 'ऋषि' नावाचे मासिक चालवले. मन मात्र अशांत. १८९३ साली राजनांदगावाकडे जाताना आगगाडीत एक युरोपियन गृहस्थ भेटला, त्याने नव्या कराराची प्रत हाती दिली. टिळकांनी ती वाचायला घेतली आणि डोंगरावरील प्रवचनाशी येऊन ते अडखळले. पुढची दोन वर्षे वाचन, शंका, प्रार्थना, पुन्हा शंका अशी गेली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथे आम्ही थांबतो, कारण ज्यांना हे चरित्र सांगायचे आहे त्यांनी इथून घाईने पुढे जाऊ नये. टिळकांच्या अंतःकरणाला वाट सापडली खरी, पण लक्ष्मीबाईंचे काय? नवरा जिवंत असून संसार मोडला, पदरी लहानगा दत्तू. जवळजवळ पाच वर्षे नवरा-बायकोची ताटातूट झाली. भक्ताच्या वैराग्याची किंमत घरातली बाई भरते, हे आपल्याही संतचरित्रांत आहे. तुकोबांच्या जिजाईला विचारा! आम्ही तरी टिळकांना या बाबतीत सहज सोडणार नाही. मात्र त्यांनी बायकोवर धर्माची सक्ती केली नाही, हेही लिहिले पाहिजे. लक्ष्मीबाई अहमदनगरास त्यांच्याकडे परत आल्या तरी सोवळेओवळे पाळीत होत्या. जातिभेद देवाने केला की माणसाने, याचा त्यांनी एका रात्री स्वतःशीच निवाडा केला आणि सकाळी कोणाच्याही हातचे पाणी प्यायला त्या मोकळ्या झाल्या. १९०० साली त्यांनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. ही सगळी हकीकत त्यांच्या 'स्मृतिचित्रे'त आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांनी अवश्य वाचावी.

आता मूळ मुद्दा. त्या काळी मराठी देवळांतून जी गीते गात, त्यांतली पुष्कळशी इंग्रजी गीतांची भाषांतरे. चालीही तिकडच्याच. नगरकडच्या खेड्यापाड्यांतले ख्रिस्ती लोक बहुतेक महार-मांग समाजांतून आलेले. त्यांच्या कानात टाळ-एकतारी होती, आणि प्रार्थना मात्र परक्या चालीवर करायची! जन्म, लग्न, पेरणी, दुखणे, मरण, या वेळी माणसाच्या तोंडून आपसूक जे निघते ते परक्या चालीत कसे निघावे? टिळकांनी ही अडचण ओळखली. त्यांनी ओव्या रचल्या, अभंग रचले, भजने रचली, कीर्तनाला हात घातला. त्यांची शेकडो पदे मराठी उपासनेत रुजली. त्या पदांत मागणे थोडे, भेटीची तळमळ फार. आणि ख्रिस्ताला ते संबोधतात कसे? गुरुमाउली! ज्ञानोबांना आपण ज्या शब्दाने हाक मारतो, तोच शब्द. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते उघड सांगत. म्हणजे नाम बदलले, हाक बदलली नाही. तुकोबांच्या पुलाचा असा उपयोग झालेला काही वाचकांना रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. आम्हांलाही प्रथम वाचताना जरा चुटपुट लागलीच होती.

१९०४ साली ते पाळक झाले. मग अध्यापन झाले, 'ज्ञानोदया'चे संपादन झाले, घरात पोराबाळांचा नि पाहुण्यांचा राबता. बालकवी ठोंबरेही त्यांच्या घरी राहिले. पण छप्पन्नाव्या वर्षाच्या सुमारास पुन्हा पालट झाला. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास जाऊन संन्याशासारखे राहू लागले. 'देवाचा दरबार' नावाची मंडळी काढली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा. मिशनातल्या पुष्कळांना हे पटले नाही. हिंदूंनी त्यांना आधीच टाकलेले. अशा वेळी माणूस कोणाच्या तोंडाकडे बघणार? टिळक पूर्वीप्रमाणेच आपल्या माउलीकडे बघत राहिले. घरखर्चाची चिंता मात्र पुन्हा लक्ष्मीबाईंच्या माथी आली.

९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचा अंत झाला. आपला देह पुरू नये, दहन करावे, अशी त्यांची इच्छा होती. 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र साडेदहा अध्यायांवर तसेच राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पुढे चालवले, एकूण अध्याय झाले शहात्तर. ज्या बाईला अक्षरओळख नवऱ्याने करून दिली, तिने त्याची अर्धी राहिलेली प्रार्थना पुरी केली. १९३६ साली त्याही गेल्या. ग्रंथ छापून निघाला तो १९३८ साली.