विश्लेषण : भाताच्या घासातून ताकद कशी तयार होते? डॉ. कमला सोहोनी यांनी नेमके काय शोधले?

सालेकसा : गोंदिया हा धानाचा जिल्हा. आदिवासीबहुल सालेकसा तालुक्यातही रोजच्या ताटात भात असतोच. या भातातून अंगात येणारी ताकद प्रत्यक्षात तयार होते ती पेशीतल्या अवघ्या काही नॅनोमीटर जाडीच्या पडद्यावर. या पडद्यावर काम करणारे एक प्रथिन वनस्पतींच्या श्वसनातही भाग घेते, हे दाखवणाऱ्या शास्त्रज्ञ मराठी होत्या. पुढे त्यांनीच गरिबांच्या ताटातील अन्नाचा कस तपासला. त्यांचे नाव डॉ. कमला सोहोनी.

कोण होत्या कमला सोहोनी?

त्या माहेरच्या भागवत, लेखिका दुर्गा भागवत यांच्या धाकट्या बहीण. वडील आणि काका दोघेही बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सी परीक्षेत अव्वल ठरल्यावर कमला यांनीही तेथेच अर्ज केला. मात्र, संचालक सर सी. व्ही. रामन यांनी केवळ मुलगी असल्याने प्रवेश नाकारला. त्या थेट रामन यांना भेटल्या आणि मागे हटल्या नाहीत. अखेर वर्षभर काम पाहून मगच नियमित विद्यार्थिनी मानण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. त्यांचे काम पाहून रामन यांचे मत बदलले आणि पुढे मुलींसाठी संस्थेचे दार उघडले.

केंब्रिजमध्ये काय शोधले?

१९३७ मध्ये त्या केंब्रिजला गेल्या. तेथे बटाट्यावर काम करताना ‘सायटोक्रोम सी’ हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही श्वसनात भाग घेते, हे त्यांनी दाखवले. १९३९ मध्ये त्यांना पीएचडी मिळाली. प्रबंध जेमतेम ४० पानांचा होता. विज्ञानात पीएचडी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला, अशी त्यांची ओळख आहे.

पडद्याचा संबंध काय?

पेशीतील तंतुकणिका, म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया, यांना मेदाच्या दुहेरी थराचे दोन पडदे असतात. सायटोक्रोम सी आतल्या पडद्याच्या बाहेरील बाजूला, ‘कार्डिओलिपिन’ या मेदाच्या आधाराने चिकटते आणि अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन पुढे पोहोचवते. त्या प्रवाहाच्या बळावर प्रोटॉन पडद्यापलीकडे ढकलले जातात. मेदाचा थर त्यांना सहज परतू देत नाही. बाघ नदीवरील पुजारीटोला धरणाची भिंत पाणी अडवते, म्हणूनच दार उघडल्यावर पाण्याला जोर येतो, तसेच हे. ठरलेल्या वाटेने परतणाऱ्या प्रोटॉनच्या जोरावर ‘एटीपी’ हे पेशीचे इंधन तयार होते. ही कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये, म्हणजे कमला यांच्या पीएचडीनंतर २२ वर्षांनी मांडली.

मायदेशी परतल्यावर काय केले?

दिल्ली आणि कुन्नूर येथे काम केल्यानंतर १९४७ मध्ये विवाह करून त्या मुंबईत आल्या आणि विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. नीरा, कडधान्ये आणि तांदळाचे पीठ हे त्यांच्या संशोधनाचे मुख्य विषय. कडधान्यांत प्रथिनांचे पचन अडवणारे घटक असतात, यावर त्यांनी विद्यार्थ्यांसह अभ्यास केला. वाल किंवा इतर कडधान्ये नीट शिजवून का खावीत, याचे एक कारण हेच. उष्णतेने हे घटक बरेचसे निष्प्रभ होतात. आदिवासी कुटुंबांतील कुपोषित किशोरवयीन मुली आणि गर्भवतींना नीरा दिल्यास प्रकृती सुधारते, असेही त्यांच्या अभ्यासात दिसले. नीरेवरील कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

अडथळे संपले का?

नाही. विज्ञान संस्थेचे संचालकपद त्यांना उशिरानेच मिळाले. १९६९ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी ग्राहक चळवळीत काम करत अन्नभेसळीविरुद्ध जागृती केली. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले. सालेकशातील एखादी मुलगी आज विज्ञान शाखेचा अर्ज भरते, तेव्हा मुलगी म्हणून तिला वेगळी अट घातली जात नाही. १९३३ मध्ये ती घातली गेली होती, आणि कमला यांनी ती कामाने मोडून काढली.