खोलीचा आवाज मोजणारे सॅबिन



वॉलेस क्लेमेंट सॅबिन यांचा जन्म अमेरिकेतील ओहायो राज्यात १३ जून १८६८ रोजी झाला. १८ व्या वर्षी पदवी घेऊन ते हार्वर्ड विद्यापीठात गेले व पुढे तेथेच पदार्थविज्ञान शिकवू लागले.

१८९५ साली विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयात नवे व्याख्यानगृह उघडले, पण वक्त्याचे बोलणे कोणाला समजेना. आवाज साडेपाच सेकंद घुमत राही आणि पुढचे शब्द त्यातच मिसळत. हा दोष दूर करण्याचे काम तरुण सॅबिन यांच्याकडे आले. रात्री सारे शांत झाले की ते सँडर्स नाट्यगृहातील गाद्या आणून मांडत, ऑर्गनची नळी वाजवीत, नाद विरेपर्यंतचा वेळ मोजत आणि सकाळपूर्वी गाद्या परत पोचवीत. अशा कित्येक रात्रींनंतर १८९८ मध्ये सूत्र सापडले: खोली मोठी तितका नाद लांबतो, नाद शोषणाऱ्या वस्तू अधिक तितका तो लवकर विरतो. याच सूत्राच्या आधारे बांधलेले बोस्टनचे सिंफनी हॉल १९०० साली उघडले. १० जानेवारी १९१९ रोजी सॅबिन वारले. नादशोषणाच्या एककाला त्यांचेच नाव आहे.

पालकांनी महाग स्पीकर घेण्याआधी घरातील उघड्या भिंती व फरशी पाहावी. जाड पडदे आणि सतरंजी यांनीही स्टिरिओचा आवाज सुधारतो. आम्हा शिक्षकांना व विश्वस्तांनाही यात धडा आहे. शेवटच्या बाकावरील मुलाला शब्द कळला नाही, तर दोष दर वेळी त्याच्या लक्षाचा नसतो. कधी तो वर्गखोलीचाही असतो.