काळा आजार हरवणारे डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी

आपल्याला ताप आला की आपण औषध घेतो आणि चार दिवसांनी पुन्हा खेळायला जातो. पण पूर्वी बंगाल, बिहार आणि आसामात एक असा ताप होता की तो ज्याला आला तो बहुतेक वाचायचाच नाही. शंभरातली नव्वदाच्या वर माणसे मरायची. गावेच्या गावे ओस पडली. त्या तापाचे नाव काला आजार. त्यात अंगाचा रंग काळवंडतो म्हणून हे नाव पडले. त्यावर औषध शोधून काढणारे थोर शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी.

उपेंद्रनाथांचा जन्म १९ डिसेंबर १८७३ रोजी जमालपूर येथे झाला. हे गाव आज बिहार राज्यात आहे. त्यांचे वडील नीलमणी हे रेल्वेचे डॉक्टर होते. आईचे नाव सौरभसुंदरी होते. उपेंद्रनाथ अभ्यासात फार हुशार होते. १८९३ साली ते गणित घेऊन बी.ए. झाले. मग कलकत्त्याला जाऊन रसायनशास्त्र शिकले आणि डॉक्टरही झाले. १९०२ साली ते एम.डी. झाले. १९०४ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. तांबड्या रक्तपेशी कशा फुटतात, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. म्हणजे रक्ताची त्यांना आधीपासूनच चांगली ओळख होती.

आता हा आजार रक्ताचे काय करतो ते सांगतो. वाळूमाशी नावाची एक बारीक माशी असते. ती डासापेक्षाही लहान असते. मातीच्या ओलसर भिंतींच्या भेगांत ती राहते. ती चावली की या रोगाचे जंतू अंगात शिरतात. १९०३ साली लेशमन आणि डोनोव्हन या दोन डॉक्टरांनी हे जंतू जगाला दाखवले.

आपल्या अंगात जंतू गिळून मारणाऱ्या मोठ्या पेशी असतात. त्या आपल्या सैनिकच. पण हे जंतू फार लबाड. सैनिकाने गिळले तरी मरत नाहीत. उलट त्याच्याच पोटात वाढतात आणि त्याला फोडून बाहेर येतात. मग दुसऱ्या सैनिकात शिरतात. असे करत ते प्लीहा, यकृत आणि हाडांच्या आतला मगज इथे ठाण मांडतात. हाडांच्या मगजातच नवे रक्त तयार होते. तिथेच शत्रू बसला तर रक्त कुठून बनणार? शिवाय प्लीहा, म्हणजे पाणथरी, एवढी सुजते की ती रक्तपेशी अडवून ठेवते आणि नष्ट करते. तांबड्या पेशी कमी झाल्या की रोगी फिकट पडतो, त्याला चालवत नाही. पांढऱ्या पेशी कमी झाल्या की दुसरे रोगही त्याला धरतात. रक्त गोठवणाऱ्या बिंबिका कमी झाल्या की नाकातून, हिरड्यांतून रक्त येते.

त्या काळी अँटिमनीची काही औषधे देत असत. डोळ्यांत घालायच्या सुरम्याच्या दगडात जो धातू असतो तोच हा. पण त्या औषधांनी फार त्रास व्हायचा आणि महिनोन्‌महिने सुया टोचून घ्याव्या लागायच्या. म्हणून उपेंद्रनाथांनी नवे औषध करायचे ठरवले.

ते कलकत्त्यातील कॅम्पबेल रुग्णालयात काम करत. तिथे त्यांना एक छोटी खोली मिळाली होती. तिथे ना वीज, ना नळ, ना गॅस. रात्री रॉकेलचा कंदील लावायचा, त्याच्या धुरात काम करायचे. दिवसभर रोगी तपासायचे आणि मग प्रयोग. १९२० साली एका रात्री दहाच्या सुमारास त्यांचा प्रयोग यशस्वी झाला. अँटिमनी आणि युरिया यांपासून त्यांनी यूरिया स्टिबामाइन हे औषध तयार केले. त्याने रोगी थोड्याच आठवड्यांत बरे होऊ लागले. आसामातल्या चहाच्या मळ्यांतले मजूर वाचले. लाखो लोकांचे प्राण वाचले.

१९२९ साली नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचवले होते, पण ते त्यांना मिळाले नाही. १९३४ साली त्यांना सर ही पदवी मिळाली. ६ फेब्रुवारी १९४६ रोजी त्यांचे निधन झाले.

आता या रोगावर दुसरी, अधिक चांगली औषधे आली आहेत. रोग खूप कमी झाला आहे. शेजारच्या बांगलादेशाने तर २०२३ साली तो जवळजवळ घालवला. पण ज्या दिवसांत चांगला उपाय नव्हता, त्या दिवसांत एका कंदिलाच्या उजेडात नवी वाट सापडली. खोली लहान होती, पण काम फार मोठे झाले. साधने नाहीत म्हणून उपेंद्रनाथ बसून राहिले असते, तर किती आईबाप आपल्या मुलांना मुकले असते!

अशा या थोर शास्त्रज्ञाला माझा नमस्कार.

– इयत्ता चौथी