वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल

उत्तर केरळातील तेल्लिचेरी (आजचे थलश्शेरी) येथे ४ नोव्हेंबर १८९७ रोजी जानकी अम्मल यांचा जन्म झाला. वडील न्यायाधीश होते आणि त्यांना बागेचा छंद होता. मुलीच्या लग्नापलीकडे फारसा विचार होत नसे, अशा त्या काळात जानकींनी मद्रासला जाऊन वनस्पतिशास्त्राचे शिक्षण घेतले आणि पुढे शिष्यवृत्तीवर अमेरिका गाठली. मिशिगन विद्यापीठाने १९३१ मध्ये त्यांना डॉक्टरेट दिली.

१९३४ मध्ये त्या कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात रुजू झाल्या. शेतकरी उसाचे बेणे लावतो. त्यातून मूळच्याच वाणाचा ऊस उगवतो. नवा वाण हवा असेल, तर तुऱ्यातील फुलांकडे वळावे लागते. परंतु उसाच्या एकाच फुलात पुंकेसरही असतात आणि कुक्षीही. बाहेरचे पराग आणून घातले, तरी फुलाने तत्पूर्वी स्वतःचेच पराग स्वीकारलेले असू शकतात. यालाच स्वपरागण म्हणतात. मग उगवलेले रोप खरोखर संकराचे, की एकट्या मातेचे? नुसत्या डोळ्यांना ते नेहमीच ओळखता येत नाही. पेशीतील गुणसूत्रे मोजली म्हणजे उलगडा होतो. जानकी अम्मल यांचा हातखंडा नेमका या मोजणीत होता. ऊस आणि मका यांचा संकर त्यांनी १९३८ मध्ये शास्त्रज्ञांपुढे मांडला. असे असूनही, स्त्री म्हणून आणि जातीमुळेही त्यांना अवहेलना सोसावी लागली.

त्या इंग्लंडला गेल्या. तेथे सी. डी. डार्लिंग्टन यांच्यासह त्यांनी लागवडीच्या वनस्पतींचा गुणसूत्र-कोश १९४५ मध्ये प्रसिद्ध केला. नंतर विस्लीच्या बागेत कोल्चिसिन हे द्रव्य वापरून त्यांनी मॅग्नोलियासारख्या झाडांची गुणसूत्रे दुप्पट केली. निसर्गातही अशी दुप्पट आपोआप घडते. तेव्हा त्या एकट्या रोपाला जोडीदार कोठून मिळणार? शेजारच्या झाडांचे पराग गुणसूत्रांच्या संख्येत जुळत नाहीत; संतती बहुधा वांझ निघते. स्वतःचे पराग चालले, तरच वंश टिकतो. स्वपरागण रूढ होण्याची ही एक वाट. तिची किंमतही मोजावी लागते : स्वपरागणाची संतती बहुधा दुबळी निघते, हे डार्विनने अकरा वर्षांच्या प्रयोगांनंतर १८७६ मध्ये दाखवून दिले होते. पिढ्यानपिढ्या वैविध्यही घटत जाते.

पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून १९५१ मध्ये जानकी अम्मल मायदेशी परतल्या आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेची पुनर्रचना करण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. १९७० पासून त्या मद्रास विद्यापीठाच्या मदुरवॉयल येथील केंद्रात राहू लागल्या. हे ठिकाण आवडीपासून काही किलोमीटरवर आहे. १९७७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विश्रांतीच्या वयात त्या केरळातील सायलेंट व्हॅलीचे अरण्य धरणाखाली बुडू नये म्हणून झटत होत्या. फेब्रुवारी १९८४ मध्ये मदुरवॉयल येथेच त्यांचे निधन झाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते अरण्य राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले.