गोंगाटाच्या काळातला हळुवार सूर

रॉक संगीत म्हणजे कर्कश गिटार आणि कानठळ्या बसवणारे ढोल, असा समज असणाऱ्यांनी निक ड्रेक या इंग्रज गायकाची ओळख करून घ्यायला हवी. अवघ्या सव्वीस वर्षांच्या आयुष्यात त्याने तीनच अल्बम केले. जिवंतपणी ते फारसे कोणी ऐकले नाहीत. आज मात्र जगभरचे श्रोते त्यांच्यापाशी विसाव्याला येतात.

१९६९ साली 'आयलंड रेकॉर्ड्स' या ब्रिटिश कंपनीने आपल्या कलावंतांची ओळख करून देणारी एक स्वस्त तबकडी बाजारात आणली. 'नाइस इनफ टू ईट' हे तिचे नाव. जेथ्रो टल, ट्रॅफिक, फ्री अशी त्या वेळची गाजती नावे तिच्यावर होती. किंग क्रिम्सनचे एक गाणेही होते. त्यात गिटारच काय, गायकाचा आवाजही यंत्रातून काढून खरखरीत केलेला होता. प्रोग्रेसिव्ह रॉक नावाच्या नव्या प्रवाहाची ती द्वाहीच म्हणायची. त्याच तबकडीवर एकवीस वर्षांच्या एका तरुणाचेही गाणे होते. अकूस्टिक गिटार, पियानो, डबल बास आणि कुठेही आवाज न चढवणारी इलेक्ट्रिक गिटार, एवढाच त्याचा सरंजाम होता. गाणारा तर जणू शेजारी बसलेल्या एकाच माणसाला ऐकू जावे, अशा बेताने गात होता. तोच निक ड्रेक.

रंगून ते वॉरिकशायर

निकोलस रॉडनी ड्रेक याचा जन्म १९ जून १९४८ रोजी रंगूनमध्ये झाला. ब्रह्मदेश स्वतंत्र होऊन तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. वडील रॉडनी ड्रेक हे 'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन'मध्ये अभियंता होते. १८६३ साली मुंबईत स्थापन झालेल्या या कंपनीचा ब्रह्मदेशात सागवानाचा मोठा व्यापार होता. याच सागवानावरून उद्भवलेल्या तंट्याचे निमित्त करून इंग्रजांनी १८८५ साली मंडाले जिंकले आणि थिबा राजाला कैद करून पुढे रत्नागिरीत आणून ठेवले. रत्नागिरीचा थिबा पॅलेस पाहणाऱ्यांना हा इतिहास ठाऊक असतो. त्याच कंपनीच्या एका अधिकाऱ्याच्या घरात हा गायक जन्मला, हे मात्र फारसे कोणाला माहीत नसते.

दुसऱ्या महायुद्धात जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या, तेव्हा आई मॉली ड्रेक यांना आपल्या बहिणीसह दिल्लीचा आसरा घ्यावा लागला होता. निकची थोरली बहीण गॅब्रिएल हिचा जन्म १९४४ साली लाहोरचा. पुढे ती अभिनेत्री म्हणून नावारूपाला आली. निकच्या अगदी लहानपणी या कुटुंबाचा मुक्काम काही काळ मुंबईतही होता. १९५०च्या दशकाच्या प्रारंभी ड्रेक कुटुंब इंग्लंडला परतले आणि वॉरिकशायरमधील टॅनवर्थ-इन-आर्डन या गावी 'फार लेज' नावाच्या घरात स्थिरावले. त्यांच्याबरोबर ब्रह्मदेशातील करेन समाजाची आयाही आली होती.

मॉली ड्रेक घरी पियानोवर स्वतः रचलेली गाणी गात. ही गाणी त्यांनी कधी लोकांपुढे आणली नाहीत. घरगुती यंत्रावर ध्वनिमुद्रित झालेली ती गाणी त्यांच्या निधनानंतर अनेक वर्षांनी प्रसिद्ध झाली, तेव्हा जाणकारांना उलगडा झाला. मुलाच्या गाण्यातील उदास गोडवा, स्वरांची अनपेक्षित वळणे आणि शब्दांतली काटकसर यांचे मूळ याच घरात होते.

तारा जुळवण्याची किमया

मार्लबरो कॉलेज या निवासी शाळेत निक पियानो, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवीत असे. धावण्याच्या शर्यतींतही तो चमकला होता. १९६५ साली त्याने तेरा पौंडांना पहिली गिटार घेतली आणि तिचा नाद त्याला लागला तो कायमचा. १९६७ च्या पूर्वार्धात तो दक्षिण फ्रान्समधील एक्स-ऑन-प्रोव्हान्स येथे राहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्रजी साहित्याच्या अभ्यासासाठी तो केंब्रिजच्या फिट्झविल्यम कॉलेजात दाखल झाला. पण त्याचा बहुतेक वेळ खोलीत गिटार घेऊन जाई.

त्याच्या वादनाचे वेगळेपण तारा जुळवण्यात होते. गिटारच्या सहा तारा ठरावीक स्वरांत लावण्याचा प्रघात असतो. निक त्या आपल्या मनाप्रमाणे सैल करी आणि गाण्यागणिक त्यांची जुळणी बदली. त्यामुळे खर्जाच्या मोकळ्या तारा तानपुऱ्यासारख्या घुमत राहात आणि वरच्या तारांवर बोटांनी छेडलेली सुरावट झऱ्यासारखी वाहत असे. वादन इतके रेखीव, की एकच गिटार दोघे जण वाजवत असल्याचा भास व्हावा. 'रिव्हर मॅन' हे त्याचे प्रसिद्ध गाणे पाच मात्रांच्या चालीत आहे. झपतालाच्या अर्ध्या आवर्तनाएवढी ती चाल ऐकताना कुठेही अवघड वाटत नाही. प्रोग्रेसिव्ह रॉकच्या वादकांनी विषम मात्रांचा मोठा डौल मिरवला. निकने त्याच विषम मात्रा नदीच्या प्रवाहासारख्या सहज केल्या.

तीन अल्बम

लंडनमधील एका कार्यक्रमात 'फेअरपोर्ट कन्व्हेन्शन' या वाद्यवृंदाच्या अॅशली हचिंग्ज याने निकला ऐकले आणि त्याचे नाव अमेरिकन निर्माता जो बॉइड याला सुचवले. बॉइडने या तरुणाशी तातडीने करार केला. १९६९ साली 'फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट' हा पहिला अल्बम आला. त्यातील बहुतेक तंतुवाद्यांची रचना केंब्रिजमधील मित्र रॉबर्ट कर्बी याने केली होती. आधी नेमलेल्या अनुभवी रचनाकाराचे काम पसंत न पडल्याने लाजाळू निकने या नवख्या मित्रासाठी आग्रह धरला होता. आपल्या संगीताबद्दल त्याची मते किती ठाम होती, हे यावरून दिसते.

याच वर्षी पदवी पुरी न करताच त्याने केंब्रिज सोडले. वडिलांना हा निर्णय रुचला नव्हता. १९७१ साली बाजारात आलेल्या 'ब्रायटर लेटर' या दुसऱ्या अल्बममध्ये ड्रम, सॅक्सोफोन, बासरी असा भरगच्च साज होता. 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड'च्या जॉन केलने त्यातील दोन गाण्यांना साथ केली. अल्बमकडून सर्वांच्याच मोठ्या अपेक्षा होत्या. त्या फोल ठरल्या. निकच्या हयातीत त्याच्या एकाही अल्बमच्या पाच हजार प्रतीसुद्धा खपल्या नाहीत.

याला एक साधे कारण होते. त्या काळी नवा गायक लोकांपर्यंत पोचायचा तो मंचावरून. निकला मंच मानवत नसे. तो प्रेक्षकांशी बोलत नसे. प्रत्येक गाण्यानंतर तारा नव्याने जुळवण्यात त्याचा वेळ जाई आणि तेवढ्यात श्रोत्यांच्या गप्पा सुरू होत. त्याचा मृदू आवाज त्या गलबल्यात बुडून जाई. जी जुळणी त्याच्या संगीताचा प्राण होती, तीच मंचावर त्याच्या आड आली. काही कार्यक्रमांनंतर त्याने मंच जवळजवळ सोडलाच. मुलाखती देण्याचेही त्याने टाळले.

अखेरची वर्षे

दरम्यान बॉइड आपली संस्था आयलंडला विकून अमेरिकेस निघून गेला. निकच्या तबकड्या बाजारातून कधीही काढून टाकायच्या नाहीत, अशी अट त्याने व्यवहारात घातली होती. त्या अटीचे मोल पुढे कळायचे होते. निकला मात्र त्याचे जाणे जिव्हारी लागले.

ऑक्टोबर १९७१ मध्ये निक ध्वनिमुद्रक जॉन वुड याच्याकडे गेला आणि दोन रात्रींत त्याने 'पिंक मून' हा तिसरा अल्बम पुरा केला. या वेळी वाद्यवृंद नको, असे त्याने ठरवलेलेच होते. अकरा गाणी, एक गिटार, एक आवाज आणि एका गाण्यात पियानोचे मोजके स्वर. १९७२ च्या फेब्रुवारीत निघालेला हा अल्बम जेमतेम अठ्ठावीस मिनिटांचा आहे. त्यातून काढून टाकावा असा एक स्वरही सापडत नाही.

तोवर नैराश्याच्या विकाराने त्याला घेरले होते. तो टॅनवर्थला आई-वडिलांकडे परतला होता. १९७२ मध्ये काही आठवडे तो रुग्णालयातही होता. स्वतःची निगा राखणे त्याने सोडून दिले. घरच्यांना न सांगता मोटारीतून निघून जावे, मित्रांकडे अचानक पोचावे, एक शब्द न बोलता बसून राहावे, असे त्याचे सुरू झाले. १९७४ मध्ये तो पुन्हा ध्वनिमुद्रणाला आला, पण वाजवणे आणि गाणे दोन्ही एकाच वेळी त्याला झेपेना. आधी गिटार आणि नंतर आवाज, अशी ती गाणी घ्यावी लागली. दोन रात्रींत अल्बम पुरा करणाऱ्या वादकाची ती अवस्था पाहून सहकारी हेलावले.

२५ नोव्हेंबर १९७४ रोजी टॅनवर्थच्या घरी, आपल्या खोलीत निक मृतावस्थेत आढळला. नैराश्यावरील औषधाची मात्रा जास्त झाली होती. चौकशीत आत्महत्येचा निष्कर्ष नोंदला गेला. तो मृत्यू हेतुपुरस्सर होता की नाही, याबाबत त्याच्या निकटवर्तीयांत मतभेद राहिले. गावच्या चर्चच्या आवारात एका ओक वृक्षाखाली त्याच्या अस्थींना विसावा मिळाला.

उशिरा आलेले श्रोते

तबकड्या बाजारातून न काढण्याची अट इथे कामी आली. खप नगण्य असूनही निकचे अल्बम मिळत राहिले आणि एका श्रोत्याकडून दुसऱ्याकडे जात राहिले. १९७९ साली त्याच्या गाण्यांचा 'फ्रूट ट्री' हा संच निघाला. १९८५ साली 'द ड्रीम अकॅडमी' या गटाने आपले गाजलेले गीत त्याच्या स्मृतीस अर्पण केले. २०००च्या सुमारास फोक्सवॅगन मोटारीच्या अमेरिकेतील जाहिरातीत 'पिंक मून'चे शीर्षकगीत वाजले आणि विक्री एकाएकी अनेक पटींनी वाढली. २००४ मध्ये, मृत्यूनंतर तीस वर्षांनी, त्याचे गाणे प्रथमच ब्रिटनच्या पहिल्या चाळीस गाण्यांत पोचले. प्रौढ वयातील निक गाताना दिसेल असे चलच्चित्र आजही उपलब्ध नाही. उरली आहेत ती छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रणे.

खरखरीत गिटारविना समृद्ध संगीत शोधणाऱ्याने आरंभ 'फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट'पासून करावा, मग 'ब्रायटर लेटर'चा साज ऐकावा आणि 'पिंक मून' रात्री, घर निजल्यावर ऐकावा. तिन्ही अल्बम मिळून दोन तासही होत नाहीत. त्या काळच्या श्रोत्यांना एवढा वेळ काढणे जमले नाही. आजच्या श्रोत्याला ती उणीव भरून काढता येईल.