महदाइसांचे धवळे : गीत की काव्य?

धवळे हे लग्नघरचे गीत. वराला उद्देशून ते गावे आणि मांडव उतरला की विसरावे, अशी रीत. अशा गीतास काव्यपद लाभते काय, याचे उत्तर महदाइसांच्या चरित्रात मिळते.

महदाइसा नागदेवाचार्यांच्या चुलत भगिनी. अल्पवयातच वैधव्य आले. प्रथम दादोसांच्या, पुढे सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या सन्निधानी त्या आल्या. अर्थ उमगेपर्यंत त्यांचे प्रश्न थांबत नसत. स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर त्या ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिल्या.

तेथे इ. स. १२८६ च्या सुमारास श्रीप्रभूंनी विवाहाची लीळा मांडली. तेव्हा महदाइसांनी श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे रचून गाइले. समोरचा वर आणि गीतातील वर, दोघेही त्यांच्या दृष्टीने परमेश्वरावतारच होते. उत्तरार्ध त्यांनी मागाहून रचला.

धवळ्यांचे चरण कोठे लांबतात, कोठे आखडतात. छंदशास्त्री यास उणीव म्हणेल. परंतु याच महदाइसांनी तीच कथा वर्णमालेच्या क्रमात बांधून ‘मातृकी रुक्मिणीस्वयंवर’ रचले. तेव्हा बंधन त्यांना अवघड नव्हते. धवळ्यांचे सैलपण गाण्याच्या सोयीचे होते.

लग्न सरले, गळा निमाला. पोथी मात्र राहिली. सांकेतिक लिपीत लेखकांनी ती इतर ग्रंथांच्या जोडीने जपली. आज सुरावाचून वाचली, तरी रुक्मिणीची तळमळ मनास भिडते. गीताच्या काव्यत्वाची कसोटी हीच. आणि महदाइसा मराठीच्या आद्य कवयित्री ठरल्या, त्या या गीतांमुळेच.