पोरक्या मुलींची माउली

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहा, असे चिटणीसबाईंनी सुचविले तेव्हा माझ्या मनात प्रथम नाव आले ते पंडिता रमाबाईंचे. त्यांच्या विद्वत्तेविषयी आपण सर्वजणी ऐकून आहोत. मला मात्र त्यांचे सोळावे वर्ष अधिक महत्त्वाचे वाटते. ज्या वयात मन सर्वांत हळवे असते, त्याच वयात त्यांच्यावर आभाळ कोसळले. आणि पुढे त्याच वयाच्या शेकडो मुलींना त्यांनी पायावर उभे केले.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले आणि आईने तीच विद्या लेकीला दिली. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरू लागले. १८७४ च्या सुमारास अन्नावाचून हाल होऊन वडील गेले, पाठोपाठ आई गेली, मग थोरली बहीणही गेली. व्रते, दाने, अनुष्ठाने सारी करून झाली होती. लहानपणची श्रद्धा त्या आगीत होरपळली. उरला एक भाऊ, श्रीनिवास. ही भावंडे शेकडो कोस पायी हिंडली आणि १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या देऊन रमाबाईंचा गौरव केला. आईने मुखोद्गत करून घेतलेली विद्या आणि भावाची सोबत, या दोहोंनीच त्या मुलीला तगविले, असे मला वाटते.

१८८० साली भाऊही गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पण १८८२ साली वैधव्य आले. पदरात तान्ही मनोरमा होती. तशाही स्थितीत त्यांनी पुण्यास येऊन आर्य महिला समाज स्थापिला. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. होरपळलेल्या मनाला तेथे विसावा मिळाला. पुढे अमेरिकेत व्याख्याने देऊन त्यांनी निधी जमविला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत बालविधवांसाठी शारदा सदन उघडले. आरंभीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. त्याच पुढे आनंदीबाई कर्वे झाल्या.

सदन पुण्यास आल्यावर मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, यावरून मोठे वादळ उठले. १८९३ साली सल्लागार मंडळातील मान्यवरांनी अंग काढून घेतले, काही पालकांनी मुली परत नेल्या. धर्मांतराचा तो वाद आजही संपलेला नाही आणि त्याचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. सदन मात्र बंद पडले नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. स्वतः भूक सोसलेल्या त्या बाईला तेथील मुलींकडे पाठ फिरवणे शक्य नव्हते. सुमारे तीनशे जणींना त्यांनी आणले आणि केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. तेथे मुली शेती, गाईगुरे, विणकाम, छापखाना अशी कामे शिकल्या. अंध मुलींसाठीही वेगळी सोय झाली. पोटाला अन्न, हाताला काम, मनाला प्रार्थना आणि पाठीशी बहिणींसारख्या मैत्रिणी, अशी ती व्यवस्था होती. १९२१ साली मनोरमा गेली. तो घावही सोसून रमाबाई शेवटपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतराच्या कामात राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.

भगिनींनो, आपल्या आळीत कोणाच्या घरी दुःख घडले की तेरा दिवस आपण डबे पोहोचवितो. चौदाव्या दिवशी त्या घरची मुलगी शाळेत गेली का, हे विचारायला मात्र फारसे कोणी जात नाही. कोणाची श्रद्धा विठ्ठलावर असेल, कोणाची आणखी कशावर. ती ज्याची त्याने जपावी. परंतु एकट्या पोराच्या अंगी श्रद्धेचे बळ टिकायचे तर कोणीतरी त्याच्या शेजारी बसावे लागते. मंडळाच्या दर बैठकीत अशा एका तरी मुलाची वा मुलीची आठवण काढून तिच्याकडे कोण जाणार हे ठरले, तर रमाबाईंचे हे स्मरण सार्थ होईल.